एका राणीच्या मरणाचा मागोवा

२२ जून २०२३ रोजी मध्य प्रदेशात ‘वीरांगना राणी दुर्गावती गौरव यात्रा’ पाच ठिकाणांहून एकाच वेळी निघाली. छिंदवाडा, दमोह जिल्ह्यातलं सिंग्रामपूर, सीधी जिल्ह्यातलं धौहनी, राणीचं माहेर मानला जाणारा कालिंजरचा किल्ला, आणि पाचवं ठिकाण बालाघाट. बालाघाटला केंद्रीय गृहमंत्री अमित शहा येणार होते. हवामान बिघडलं आणि त्यांचा दौरा रद्द झाला. यात्रा मात्र निघाली. शहडोलचा समारोपही पावसामुळे पुढे गेला आणि १ जुलैला पंतप्रधानांच्या सभेत झाला. राणीची पाचशेवी जयंती देशभर साजरी होईल, तिच्यावर चित्रपट काढला जाईल, चांदीचं नाणं आणि टपाल तिकीट निघेल, असं त्या सभेत जाहीर झालं. विधानसभेची निवडणूक नोव्हेंबरमध्ये होती.

बालाघाटहून रेल्वेने नैनपूरकडे निघालं की वाटेत लामता लागतं. जवळच वैनगंगेवरचा ढुटीचा बंधारा, एका अंगाला परसवाड्याकडचं जंगल, पुढे नैनपूर आणि त्याच्याही पुढे मंडला. या मुलखात गोंड आहेत, पोवार, लोधी, मरार आहेत, आणि मराठी बोलणारी घरंही आहेत. बालाघाट हा जिल्हाच मुळात तुकड्यांचा. १८६७ साली इंग्रजांनी भंडारा, शिवनी आणि मंडला या तीन जिल्ह्यांचे भाग जोडून तो केला. म्हणजे त्याचा एक भाग मंडल्याच्या गोंड राजांच्या आठवणी घेऊन आला आणि दुसरा नागपूरकर भोसल्यांच्या. १९५६ पर्यंत इथला कारभार नागपूरहून चाले. त्या वर्षी १ नोव्हेंबरला विदर्भाचे आठ मराठी जिल्हे मुंबई राज्यात गेले आणि बालाघाट मध्य प्रदेशात राहिला. तेव्हापासून इथल्या मराठी घरातलं मूल हिंदी शाळेत राणी दुर्गावतीच्या पराक्रमाचा अभिमान शिकतं, आणि सीमेपलीकडे गोंदियातलं त्याचं मामेभावंड मराठी शाळेत मराठ्यांच्या विस्ताराचा. हे दोन अभिमान एकमेकांसमोर उभे राहतात ते १७४२ साली, मंडल्याच्या किल्ल्यात. गौरव यात्रेच्या कथेत त्या सालाला जागा नाही. ते साल कुठे गेलं, हे शोधायचं तर राणीच्या मरणापासूनच निघावं लागेल.

राणी दुर्गावती १५६४ साली मेली. त्या मरणाचं सर्वांत जुनं सविस्तर वर्णन तिच्या शत्रूच्या दरबारात लिहिलं गेलं. अबुल फजलने अकबरनामा लिहिला तो बादशहाच्या आज्ञेने, लढाईनंतर काही दशकांनी. त्या ग्रंथात राणी मोठी दिसते. चंदेल राजाची मुलगी, गढ्याचा गोंड राजा दलपतशाह याची बायको, लवकर विधवा झालेली, लहानग्या वीर नारायणाच्या नावाने राज्य चालवणारी, बंदूक आणि बाण दोन्हींत तरबेज. वाघ दिसल्याची बातमी आली की तो मारल्याशिवाय ती पाणी पीत नसे, असंही त्याने लिहिलं आहे. कड्याचा सुभेदार आसफखान चालून आला तेव्हा तिच्या माणसांनी माघार सुचवली. तिने ती नाकारली. नर्रईच्या अरुंद घाटात पहिल्या दिवशी मोगलांना मागे हटावं लागलं. रात्रीच छापा घालू, असं राणी म्हणाली. सरदारांनी ऐकलं नाही. दुसऱ्या दिवशी आसफखानाने तोफा वर आणल्या. मुलगा जखमी झाला, त्याला रणातून हलवलं. एक बाण राणीच्या कानशिलात आणि दुसरा मानेत रुतला. आपल्याला मारून टाक, असं तिने माहुताच्या जागी बसलेल्या आधार नावाच्या माणसाला सांगितलं. त्याचा हात उचलेना. मग तिने स्वतःच्या हाताने शेवट केला.

साडेचारशे वर्षं सांगितल्या गेलेल्या कथेचा बहुतेक ऐवज इथूनच आला आहे. हत्ती, दोन बाण, नाकारलेली माघार, आपल्या हातचं मरण, हे सारं. मोगल दरबाराला ही थोरवी लिहिण्याची गरज का वाटली? एक कारण असं की जिंकणाऱ्याची उंची हरलेल्याच्या उंचीवर ठरते. दुसरं कारण जास्त महत्त्वाचं. राणीने कुणाचं काही बिघडवलं नव्हतं. तिच्यावर चाल करायला कारण लागत होतं, आणि अबुल फजल ते देतो: खुशामतखोरांच्या नादाने ती गर्विष्ठ झाली आणि तिने बादशहापुढे मान तुकवली नाही. सासरकडच्या वंशाच्या शुद्धतेबद्दलही तो शंका पेरतो. राजा अमनदास, म्हणजे संग्रामशाह, याने दलपत हा दुसऱ्याचा मुलगा आपला म्हणून वाढवला, असं तो नोंदवतो. मग चौरागड किल्ल्याच्या लुटीचा हिशेब येतो. हजार हत्ती हाती लागले, आसफखानाने त्यातले दोनशेच दरबारी पाठवले. मोहिमेत जे काळं होतं ते सुभेदाराच्या हावेवर गेलं; बादशहा स्वच्छ राहिला. युद्धाच्या इतिहासाला सरकारी वळण कसं देतात, याचं इतकं नेटकं उदाहरण त्या शतकात शोधूनही सापडणार नाही. यात लबाडी फार नाही. राणी शूर होती हे खरं, आसफखान हावरा होता हेही खरं. फक्त ‘चाल का केली’ या एका प्रश्नाचं उत्तर बदललेलं आहे.

राणीचं राज्य बुडालं नाही, हे आज फारसं सांगितलं जात नाही. दलपतशाहचा भाऊ चंद्रशाह याने दहा किल्ले अकबराला दिले आणि गादी मिळवली. पुढची शंभर वर्षं गढ्याचे राजे मोगलांचे मांडलिक म्हणून राहिले. त्याच घराण्यातल्या हृदयशाहने मंडल्याजवळ नर्मदेकाठी रामनगर वसवलं आणि १६६७ साली तिथे एक संस्कृत शिलालेख कोरवला. रचना जयगोविंद नावाच्या कवीची. यादवरायापासून हृदयशाहपर्यंतची लांबलचक वंशावळ त्यात आहे, आणि तिच्या मधोमध दुर्गावती आहे. कर वसूल करायला अकबराने आसफखानाला पाठवलं, राणी हत्तीवर बसून लढली आणि स्वतःच्या तलवारीने स्वतःचा अंत करून सूर्यमंडळ भेदून गेली, असा त्याचा आशय. गर्व, खुशामतखोर, वंशाची शंका, यातलं काही इथे नाही. मोगलांचा मांडलिक असलेला राजा मोगलांशी लढून मेलेल्या आपल्या पूर्वज राणीला दगडावर कोरतो, आणि हल्ला करणाऱ्या बादशहाचं नाव लपवत नाही. मला त्या दगडाबद्दल विशेष आदर आहे तो यासाठी. हाही राजाचाच प्रचार होता, वंशाची प्रतिष्ठा वाढवण्यासाठी केलेला. पण ज्याच्याशी आता जमवून घ्यायचं होतं त्याचं नाव त्याने पुसलं नाही.

दरबार आणि शिलालेख यांच्या बाहेर लोकांची आठवण वेगळीच चालली होती. ती आपल्यापर्यंत पोचली एका इंग्रज अंमलदारामुळे. विल्यम स्लीमन हे नाव ठगांच्या बंदोबस्तासाठी प्रसिद्ध आहे, पण जबलपूरच्या मुलखात नोकरी करताना त्याने गढा-मंडल्याच्या राजांचा इतिहास गोळा केला आणि तो १८३७ साली बंगालच्या एशियाटिक सोसायटीच्या नियतकालिकात छापून आला. नंतरच्या आपल्या प्रवासवर्णनात त्याने राणीच्या समाधीबद्दल लिहिलं. दोन टेकड्यांमधल्या त्या निर्जन वाटेवर दोन मोठे गोल दगड आहेत. ते राणीचे नगारे, दगड झालेले. मध्यरात्री ते वाजतात आणि मेलेल्या शिपायांना हाक देतात, असं आसपासचे लोक म्हणत. वाटसरू तिथल्या स्फटिकांतला सगळ्यांत देखणा खडा शोधून समाधीवर ठेवत. या आठवणीत शत्रूचं नाव नाही, राजवंश नाही, गर्व नाही, तारीख नाही. तिला सरकार लागलं नव्हतं, आणि ती पावणेतीनशे वर्षं टिकली होती.

इंग्रजांनाही ही राणी आवडली आणि त्याला कारण होतं. निरपराध राणीवर हल्ला करणारा मोगल, मग मुलूख ओरबाडणारा मराठा, आणि शेवटी शांतता आणणारा कंपनी सरकारचा अंमल, अशी गोष्ट तिच्यापासून सरळ रचता येत होती. मध्य प्रांतांची गॅझेटियर साधारण याच क्रमाने लिहिली गेली. अकबराचा मोठा चरित्रकार व्हिन्सेंट स्मिथ यानेही १९१७ साली या स्वारीला निव्वळ आक्रमण ठरवलं. पण इंग्रजांच्या या नोंदींमुळेच आपलं, म्हणजे मराठ्यांचं, पान शाबूत राहिलं, हे कबूल करायला हवं. त्यांनी ते आपल्या सोयीसाठी लिहिलं. तपशील मात्र खरे होते.

ते तपशील असे. १७४२ साली पेशवा बाळाजी बाजीराव, आपले नानासाहेब, मंडल्यावर चालून गेला. राजा महाराजशाह किल्ला लढवताना मारला गेला. दुर्गावतीच्या गादीवरचा राजा पुन्हा एकदा आपल्याच भूमीवर बाहेरून आलेल्या सैन्याशी लढताना मेला, फक्त या वेळी सैन्य पुण्याचं होतं. त्याच्या जागी शिवराजशाहला बसवलं गेलं आणि मंडल्यावर चौथ बसली. चौथ म्हणजे काय, हे मराठी वाचकाला सांगावं लागत नाही. तिचा भार कुणाच्या पाठीवर पडला, हे मात्र आपण क्वचितच विचारलं आहे. १७८१ साली सागरच्या मराठ्यांनी शेवटच्या राजाला, नरहरशाहला, पदच्युत केलं. त्याला खुरईच्या किल्ल्यात कैदेत ठेवलं आणि तो कैदेतच संपला. गढा-मंडल्याचं राज्य संपलं ते तेव्हा. अकबराने ते लहान केलं होतं, मांडलिक केलं होतं; संपवलं आपण.

१७९९ साली मंडला नागपूरकर भोसल्यांकडे आला. मराठ्यांनी किल्ल्याच्या नदी नसलेल्या बाजूला तट बांधला, आणि पेंढाऱ्यांच्या धाडी मुलूखभर चालू असताना मंडला शहर त्यांच्या हाती पडलं नाही. नोव्हेंबर १८१७ मध्ये सीताबर्डीच्या लढाईत आप्पासाहेब भोसले हरले आणि मंडला इंग्रजांना द्यायचं ठरलं. किल्ल्यातल्या मराठा शिबंदीने तो द्यायला नकार दिला. जनरल मार्शलच्या फौजेने २४ मार्च १८१८ रोजी हल्ला करून तो घेतला. ज्या किल्ल्यात ७६ वर्षांपूर्वी गोंड राजा मराठ्यांशी लढताना पडला होता, त्याच किल्ल्यासाठी आता मराठे शिपाई लढत होते. या दोन्ही लढाया एकत्र सांगितल्याशिवाय मंडल्याचा इतिहास पुरा होत नाही, आणि बालाघाटचाही होत नाही.

नागपुरात वेगळ्या रीतीने हेच झालं. नागपूर वसवणारा बख्त बुलंदशाह देवगडचा गोंड राजा. त्याच्या घराण्यातल्या भांडणात पहिल्या रघुजी भोसल्यांना मदतीला बोलावलं गेलं, आणि काही वर्षांत सत्ता त्यांच्या हाती गेली. राजा बुऱ्हाणशाहला मात्र त्यांनी मारलं नाही, हाकललंही नाही. नावाचा राजा म्हणून नागपुरातच ठेवलं. वंशाला पुढे तनखा आणि राजा ही पदवी राहिली. या व्यवस्थेत थोडी माणुसकी होती आणि बरंच राजकारण होतं. गोंड राजाच्या नावाने राज्य करता आल्याने भोसल्यांना पुण्याशी बरोबरीने बोलता येत होतं. तेव्हाच्या सरकारलाही इतिहासाची किंमत ठाऊक होती.

आता १८५७. खुरईत संपलेल्या राज्याचे वारस शंकरशाह आणि त्यांचा मुलगा रघुनाथशाह जबलपूरजवळ पुरव्याला इंग्रजांच्या पेन्शनवर राहत होते. ५२ व्या देशी पलटणीतल्या शिपायांशी संधान बांधल्याच्या संशयावरून सप्टेंबरमध्ये त्यांना पकडलं. घराच्या झडतीत देवीची एक प्रार्थना सापडली. शत्रूचा नाश कर, अशी मागणी तिच्यात होती. १८ सप्टेंबर १८५७ रोजी दोघांना तोफेच्या तोंडी दिलं. त्याच रात्री ५२ वी पलटण बिथरून निघून गेली. वीस वर्षांपूर्वी ज्या राजवटीच्या अंमलदाराने या घराण्याचा इतिहास हौसेने छापला, त्याच राजवटीने त्या घराण्याच्या वारसाचे तुकडे उडवले. त्याच धामधुमीत रामगडची राणी अवंतीबाई लढली आणि मार्च १८५८ मध्ये तिनेही दुर्गावतीसारखंच आपल्या हातचं मरण पत्करलं. बालाघाट परिसरातल्या लोधी समाजात तिचं नाव आजही घरचं आहे.

स्वातंत्र्यानंतर राणी सरकारी नावात आली, आणि हे काम एकाच पक्षाने केलेलं नाही. १९७६ साली जबलपूरला राणी दुर्गावती संग्रहालय झालं. १९५६ साली निघालेलं जबलपूर विद्यापीठ १९८३ साली राणी दुर्गावती विश्वविद्यालय झालं. १९८८ साली तिचं टपाल तिकीट निघालं. त्याच वर्षी अवंतीबाईचंही. २०१५ साली तटरक्षक दलाच्या एका गस्ती जहाजाला दुर्गावतीचं नाव मिळालं.

यातलं एक नाव मला फार सलतं. नर्मदेवरच्या बरगी धरणाच्या प्रकल्पाला राणी अवंतीबाई लोधी सागर असं नाव आहे. त्या सागरात मंडला, शिवनी आणि जबलपूर जिल्ह्यांतली १६२ गावं गेली. त्यांत गोंडांची गावं भरपूर होती, म्हणजे ज्यांच्या मुलखासाठी त्या राण्या लढल्या त्यांच्याच वारसांची. कित्येकांना पुनर्वसनासाठी वर्षानुवर्षं मोर्चे काढावे लागले. राणीचं नाव पाण्याला द्यायचं आणि राणीच्या माणसांची जमीन पाण्याखाली घालायची, यात कुणा एका अधिकाऱ्याची वाईट वासना असेल असं नव्हे. पण नावाचा असा उपयोग होऊ शकतो, आणि तो झाला आहे, हे विसरून पुढच्या नामकरणाला टाळ्या वाजवता येत नाहीत.

२००० नंतर या कहाणीला वेग आला, त्याचं कारण निव्वळ इतिहासप्रेम नव्हतं. १९९१ साली हीरासिंह मरकाम यांनी गोंडवाना गणतंत्र पक्ष स्थापन केला होता. २००३ च्या मध्य प्रदेश विधानसभेत त्याचे तीन आमदार निवडून आले. त्यांतला एक लामत्याच्या बाजूच्या परसवाडा मतदारसंघातून. गोंड आपला इतिहास स्वतः सांगू लागले होते. नागपूरचे मोतीरावण कंगाली बँकेतली नोकरी सांभाळून गोंडी भाषा, धर्म आणि संस्कृतीवर पुस्तकांमागून पुस्तकं लिहीत होते. भोपाळचे इतिहासकार सुरेश मिश्र यांनी ‘गढ़ा का गोंड राज्य’ हा ग्रंथ लिहिला. दुर्गावती ही आपली, आणि तिच्यामागोमाग जंगल आणि जमीनही आपली, असा आवाज उठत होता. मोठ्या पक्षांना तो ऐकू आला. राज्यातल्या २३० जागांपैकी ४७ आदिवासींसाठी राखीव आहेत. भारतीय जनता पक्षाला त्यांतल्या ३१ जागा २०१३ मध्ये मिळाल्या होत्या. २०१८ मध्ये १६ राहिल्या आणि सरकार गेलं.

पुढच्या काही वर्षांतल्या तारखा ओळीने ठेवल्या की चित्र आपोआप दिसतं. १८ सप्टेंबर २०२१, शंकरशाह-रघुनाथशाह यांच्या बलिदान दिनी गृहमंत्री जबलपूरला. १५ नोव्हेंबर २०२१, भोपाळचं हबीबगंज स्टेशन गोंड राणी कमलापतीच्या नावाने राणी कमलापती स्टेशन झालं. जून २०२३, बालाघाटहून निघालेली गौरव यात्रा. सप्टेंबर २०२३, नौरादेही अभयारण्याच्या जागी वीरांगना दुर्गावती व्याघ्र प्रकल्प. ५ ऑक्टोबर २०२३, पंतप्रधानांच्या हस्ते जबलपूरला राणीच्या स्मारकाचं भूमिपूजन. सुमारे १०० कोटी रुपये, २१ एकर जागा, ५२ फुटी कांस्यपुतळा. ३ जानेवारी २०२४, जबलपूरच्या मंत्रिमंडळ बैठकीत राणी दुर्गावती श्रीअन्न प्रोत्साहन योजना, कोदो-कुटकी पिकवणाऱ्यांना किलोमागे १० रुपये. ५ ऑक्टोबर २०२४, सिंग्रामपूरला उघड्या मैदानात मंत्रिमंडळाची बैठक. १५ नोव्हेंबर २०२४, जबलपूरला शंकरशाह-रघुनाथशाह संग्रहालयाचं उद्घाटन.

यात चांगलं बरंच आहे आणि ते नाकारण्याचं कारण नाही. कोदो-कुटकीला दहा रुपये जास्त मिळाले तर मंडला, दिंडोरी, बालाघाटच्या डोंगरातल्या घरात ते पोचतात. ज्या जागेत शंकरशाहांना कैदेत ठेवलं तिथे संग्रहालय झालं, हे शंभर वर्षांपूर्वीच व्हायला हवं होतं. पुतळाही असावा. ज्या समाजाचं नाव पुस्तकात समासात छापलं गेलं त्याच्या राणीला ५२ फूट मिळाले, तर मला आनंदच आहे. माझं दुखणं पुतळ्याच्या पायथ्याशी सांगितल्या जाणाऱ्या कथेबद्दल आहे.

त्या कथेत शत्रू दोन उरले आहेत. १५६४ ला मोगल आणि १८५७ ला इंग्रज. मधली तीनशे वर्षं एका उडीत ओलांडली जातात. दुर्गावतीनंतर एकदम शंकरशाह येतात. शंकरशाह पेन्शनर का होते, राज्य कुठे गेलं, हे ऐकणाऱ्याला कळत नाही, आणि इंग्रजांनीच घेतलं असणार असं त्याला वाटून जातं. चंद्रशाहने अकबराशी केलेला समझोता गेला, कारण तो शौर्यात बसत नाही. महाराजशाह आणि नरहरशाह गेले, कारण त्यांना मारणारे आणि कैद करणारे आज राष्ट्रीय कथेत नायकांच्या बाजूला उभे आहेत. मराठे मोगलांशी लढले, गोंड मोगलांशी लढले, म्हणून दोघे एका रांगेत. ही रांग दिसायला सुंदर आहे, पण मंडल्याच्या तटावर ती मोडते. अबुल फजलने ‘चाल का केली’ याचं उत्तर बदललं होतं. आताच्या सांगण्यात ‘चाल कुणी केली’ या प्रश्नाची दोन उत्तरं ठेवून तिसरं वगळलं आहे.

यात मध्य प्रदेशच्या सरकारइतकाच वाटा आपला, मराठी वाचणाऱ्यांचाही आहे. आपण ही वगळणूक खुशीने स्वीकारली. ‘अटकेपार’ म्हणताना वाटेत कोणाची राज्यं लागली, हे विचारायची सवय आपल्या शाळांनी लावली नाही. बंगालमध्ये भोसल्यांच्या स्वाऱ्यांची आठवण अंगाईत राहिली, तिच्याबद्दल निदान आपल्याला माहीत तरी आहे. मंडल्याबद्दल तेवढंही नाही, आणि मंडला बंगालपेक्षा किती जवळ! २०१७ साली बालभारतीची सातवी आणि नववीची इतिहासाची पुस्तकं बदलली, त्यांत मोगल आकसले आणि मराठे वाढले, यावर बरीच चर्चा झाली. ती चर्चा मोगल किती पानं, मराठे किती पानं, एवढ्यापुरती राहिली. मराठ्यांच्या वाढलेल्या पानांत नरहरशाहसारख्यांना जागा मिळावी, असं म्हणणारे आवाज फार क्षीण होते. २०२५ साली एनसीईआरटीच्या आठवीच्या नव्या पुस्तकात मराठ्यांवर मोठं प्रकरण आलं. त्यातल्या नकाशात जैसलमेर मराठा साम्राज्यात रंगवलं म्हणून तिथल्या माजी राजघराण्याने ऑगस्टमध्ये हरकत घेतली आणि पुस्तकांवरच्या अशा हरकती तपासायला एनसीईआरटीला तज्ज्ञांची समिती नेमावी लागली. जैसलमेरचं म्हणणं होतं की मराठे आमच्याकडे आलेच नाहीत. मंडल्याची गोष्ट उलटी आहे. तिथे मराठे आले, जिंकले, राहिले, तट बांधला. नकाशात तो रंग बरोबरच पडेल. फक्त त्या रंगाखाली कोण होतं, हे तो नकाशा पाहणाऱ्या मुलाला कुणीतरी सांगायला हवं.

शिवरायांच्या स्वराज्याचा अभिमान बाळगणाऱ्या माणसाला १७४२ ची अडचण वाटण्याचं कारण नाही. स्वराज्य ज्या तत्त्वासाठी उभं राहिलं, तेच तत्त्व महाराजशाह मंडल्यात राखत होता. ते ओळखता येत नसेल तर आपला अभिमान फक्त जिंकण्याचा आहे, आणि त्या बाबतीत आसफखान आपल्या पुढेच होता.

जबलपूरला मदनमहालच्या परिसरात राणीचं स्मारक आखलं आहे. तिथे महाराजशाहचं नाव लागावं, खुरईच्या कैदेचं लागावं, आणि ही मागणी गोंड संघटनांच्या आधी मराठी मंडळांनी करावी, असं मला मनापासून वाटतं. बालाघाट, मंडला, जबलपूर, सागर, सगळीकडे मराठी घरं आहेत, आणि त्यांतली कित्येक त्याच सागरकर आणि नागपूरकर अंमलाबरोबर तिथे आलेली आहेत. पत्र हिंदीत लिहावं लागेल. त्यात १७४२, १७८१ आणि २४ मार्च १८१८ या तीन नोंदी असाव्यात, पेशवा आणि सागरकर ही नावं जशीच्या तशी असावीत, आणि तेच पत्र मराठीत करून पुण्याला बालभारतीकडेही जावं.